५७ ची शेव्ही बेल एअर १/२५ मध्ये डिटेल करायचीय? वायरिंगच्या आधी हे वाचा

प्रश्न असा होता की १९५७ च्या शेव्ही (शेव्हरोलेट) बेल एअर हार्डटॉपचं १/२५ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाइतकं, प्लास्टिकचं किट हातात आलंय, याआधी काही मॉडेल्स डब्यातून काढून सरळ जोडून झालीत, आता ही एक गाडी अगदी डिटेल्ड करायची आहे, तर फोटो-एच सेट (ॲसिडने कोरलेले पातळ धातूचे पार्ट), तयार वायर केलेला डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना क्रमाने वीज पोचवणारा भाग), वेगळी चाकं असं काय काय मागवू आणि इंजिनचं वायरिंग कसं करू. सविस्तर लिहितो कारण ही गाडी मला फार आवडते, आणि या गाडीत बहुतेक जण पैसे नको तिथे घालतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो, यातलं अजून काहीही मागवू नका. मॉडेल खरं वाटतं की खेळणं वाटतं हे दोन गोष्टींवर ठरतं, रंगाची जाडी आणि धातूंची चमक. इंजिनात वीस वायरी घातल्या आणि बॉडीवर रंगाचा जाड थर असेल, दरवाज्याच्या फटी बुजलेल्या असतील, तर बघणारा माणूस बोनेट उघडायच्या आधीच पुढच्या टेबलाकडे जातो. उलट इंजिन अगदी साधं ठेवलं पण बॉडी पातळ रंगवली आणि पट्ट्या नीट चमकवल्या तर लोक वाकून बघतात. म्हणून मी त्याच क्रमाने लिहितोय.

मी मिशिगनमध्ये राहतो. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत आपली मराठी माणसं भरपूर आहेत, आणि मॉडेल कारचा हा छंदही बराचसा इथेच वाढला. इथल्या ट्रॉय गावात एएमटी कंपनी होती, १९४८ ला सुरू झालेली, ती डीलर लोकांसाठी नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या छोट्या प्रती करायची, त्यांना प्रोमो म्हणतात, त्या १/२५ च्या असायच्या. १९५८ मध्ये त्यांनी जोडायची किट्स काढली आणि अमेरिकन गाड्यांना १/२५ हे माप चिकटलं ते आजतागायत. मोनोग्राम आणि जपानची टामिया मात्र १/२४ वाली. हे सांगायचं कारण म्हणजे ऑनलाइन चाकं किंवा इंजिनचे पार्ट घेताना लोक १/२४ आणि १/२५ एकच समजतात. खरी गाडी २०० इंच लांब, म्हणजे १/२५ मध्ये २०३ मिमी आणि १/२४ मध्ये जवळपास २१२ मिमी. चाकात हा फरक कदाचित खपून जाईल, पण डॅशबोर्ड किंवा रेडिएटर बसवायला गेलात की कळतं.

तर पहिलं काम म्हणजे कुठली गाडी ते ठरवणं. "५७ शेव्ही" एवढं म्हणून भागत नाही. त्या वर्षी १५०, २१० आणि बेल एअर अशा तीन श्रेणी होत्या, बेल एअर सगळ्यात वरची. मागच्या पंखाखाली (पंख म्हणजे मागच्या फेंडरचं वर आलेलं टोक, फिन) जे बारीक रेघांचं ॲल्युमिनियमचं पॅनेल दिसतं ते बेल एअरचं, ग्रिलची जाळी सोनेरी तीही बेल एअरची, पुढच्या फेंडरवरचे तीन सोनेरी तुकडे तेही. बोनेटवर मोठा व्ही असेल तर गाडी व्ही-८, सहा सिलिंडरच्या गाडीला तो व्ही नसायचा, आणि बेल एअरवर तो सोनेरी असायचा. मग इंजिन कुठलं? २८३ क्युबिक इंचाचं व्ही-८ साध्या टू-बॅरल कार्बोरेटरवर १८५ हॉर्सपॉवरचं होतं आणि सगळ्यात वरचं रोचेस्टरच्या फ्युएल इंजेक्शनचं २८३ हॉर्सपॉवरचं, म्हणजे एका क्युबिक इंचाला एक हॉर्सपॉवर, आणि शेव्हरोलेटने त्याची जाहिरातही तशीच केली. या दोघांचे एअर क्लीनर वेगळे, बॅज वेगळे. तुमची गाडी म्हणजे कुणा मास्तरांच्या घरची रोजची बेल एअर असेल तर तिला फ्युएल इंजेक्शन लावू नका, आणि क्रोमची व्हॉल्व्ह कव्हरं तर अजिबात नको. २८३ चं ब्लॉक नारिंगी रंगाचं होतं, जास्त लालही नाही आणि पिवळटही नाही.

इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, तिथे ५७ च्या शेव्ही डोळे भरून बघायला मिळतात. पण त्यांचे फोटो जपून वापरा. बहुतेक गाड्या रिस्टोअर केलेल्या असतात, आणि त्या कारखान्यातून निघाल्या तेव्हापेक्षा जास्त चकाचक असतात, वर आजचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), पुढे डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, इलेक्ट्रिक फॅन. ५७ ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, अल्टरनेटर नव्हता, जनरेटर होता, आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. जुन्या, हात न लागलेल्या गाडीचे फोटो शोधा, भले ती धुळीत उभी असो, कुठल्या भागावर कुठला रंग आणि कुठे कसली चमक हे तिथे खरं दिसतं.

आता बॉडी. सगळे पार्ट आधी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग साच्याच्या जोडाच्या रेघा शोधा. त्या फेंडरच्या वरून, छताच्या खांबांवरून आणि मागच्या पंखाच्या धारेवरून जातात, आणि पंखावरची रेघ तर हमखास सुटते कारण आपल्याला वाटतं ती डिझाइनचीच आहे. ब्लेडच्या पाठीने हलकं खरवडा, मग ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, मग ८००. खड्डे असतील तर थोडी लांबी (पुटी) भरून परत घासा. पंखाची धार मात्र घासून गोल करू नका, ५७ ची ओळखच ती आहे.

रंगाच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे दरवाजा, बोनेट आणि डिकीच्या फटी खोल करणं. खऱ्या गाडीत फट साधारण ५ मिमीची, म्हणजे आपल्याकडे ०.२ मिमी. किटमध्ये ती बहुतेक वेळा रुंदीला बरी पण खोलीला कमी असते, दोन हात प्रायमर आणि तीन हात रंग झाला की तिची नुसती घडी उरते. स्क्रायबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) किंवा ब्लेडची पाठ घेऊन हलक्या हाताने सात-आठ वेळा ओढा, दाबू नका, पहिले दोन फेरे तर नुसती वाट दाखवायला. याला एक संध्याकाळ लागली तरी चालेल, यातून जो फायदा होतो तो कुठल्याही विकतच्या पार्टमधून होत नाही.

रंगाच्या जाडीचा हिशोब बघा. गाडीवर कारखान्यातला रंग साधारण १०० मायक्रॉन धरला तर १/२५ मध्ये तो ४ मायक्रॉन व्हायला हवा. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो. ४ मायक्रॉन कुणालाच जमत नाही, पण त्या दिशेने जायचं एवढं डोक्यात ठेवा, म्हणजे प्रत्येक जादा हात मारताना आपण थांबतो. मी एअरब्रश वापरतो, ०.३ ची नीडल, १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. आधी दोन हात नुसते धुक्यासारखे, मधे दहा-पंधरा मिनिटं, मग एकच ओला हात. स्प्रे कॅनच असेल तरी जमतं, कॅन कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो, गरम पाण्यात मात्र कधीच नाही, कॅन फुटतो.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात लॅकर मारू नका, हवेतली वाफ रंगात अडकते आणि पांढरट धुरकट दिसतं, फारच घाई असेल तर रिटार्डर (रंग हळू सुकवणारं द्रव) घालून, बंद खोलीत एसी लावून. आणि गाड्यांच्या पेंटच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मनासारख्या शेडमध्ये मिळतं म्हणून लोक ते उघड्या प्लास्टिकवर मारतात, एनसी थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, खातो, बॉडीवर जाळं उठतं. चांगला प्रायमर खाली असेल आणि हात अगदी कोरडे-हलके असतील तरच, आणि आधी प्लास्टिकच्या चमच्यावर करून बघा. किट लाल प्लास्टिकचं असेल तर वरचा पांढरा रंग गुलाबी होतो, त्याला खाली सिल्व्हरचा एक हात द्यावा लागतो.

रंग कुठला, तर मला लार्कस्पर ब्लू बॉडी आणि इंडिया आयव्हरी छत ही जोडी सगळ्यात आवडते. शेव्हरोलेटच्या त्या वर्षीच्या रंगांत मॅटाडोर रेड, ट्रॉपिकल टर्क्वाइज, सर्फ ग्रीन, कोलोनियल क्रीम असे बरेच होते, पण लाल आणि टर्क्वाइज इतक्या जणांनी केलेत की वेगळं काही करावंसं वाटतं. आधी फिकट रंग मारा, म्हणजे छत आयव्हरी, मग टेप लावून बॉडी निळी. टेपच्या कडेवर आधी आयव्हरीचाच हलका हात मारून कड बंद करा, मग निळा आत शिरत नाही. मेटॅलिक शेड घेत असाल तर गाडीसाठीचा मेटॅलिक चालत नाही, त्यातले कण १/२५ ला चमचमीत वाळूसारखे मोठे दिसतात, मॉडेलसाठीचाच घ्या.

रंग सुकलाय का याची परीक्षा नाकाने. बॉडी नाकाजवळ धरा, थिनरचा वास येत असेल तर अजून ओला आहे, मग बोटाला कितीही कडक लागो. वास गेल्यावर मायक्रो-मेशची, म्हणजे अगदी बारीक घासायची, कापडं, ३२०० पासून १२००० पर्यंत, पाणी लावून. धारांवर आणि पंखांवर अजिबात नाही, तिथे रंग लगेच उडतो. आणि आरशासारखी चमक काढू नका. जीएम (शेव्हरोलेटची मालक कंपनी) त्या काळी लॅकर मारून पॉलिश करायची, आजच्यासारखा क्लिअर कोट नव्हता, चमक होती पण ती ओली दिसायची नाही.

आता धातू, हा माझा सगळ्यात आवडता भाग. किटमध्ये बंपर, ग्रिल, हेडलाइटच्या कडा, चाकांचे कव्हर सगळं एकाच क्रोममध्ये येतं, एकसारखं. खऱ्या गाडीवर एका बाजूने चालत गेलात तर तीन वेगळे धातू लागतात. बंपर म्हणजे स्टीलवर क्रोम, खोल आणि किंचित निळसर. दरवाज्यावरून मागे जाणारी पट्टी स्टेनलेसची, क्रोमपेक्षा थोडी राखट. आणि पंखाखालचं पॅनेल अ‍ॅनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं, जवळपास मॅट. हे तीन धातू वेगळे दिसले की मॉडेल एकदम खरं वाटायला लागतं, आणि याला पैसे फारसे लागत नाहीत. बेअर-मेटल फॉइल, ही पण मिशिगनचीच कंपनी, क्रोम आणि मॅट ॲल्युमिनियम अशा दोन्ही फॉइल विकते. पट्टीला क्रोम, पॅनेलला मॅट. बंपर किटचा ठेवला तरी चालेल, पण त्यावर साच्याची रेघ किंवा तोडल्याची खूण असेल तर क्रोम काढून परत करावा लागतो. ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, वरचा ॲल्युमिनियमचा थर निघून जातो, खालचं पिवळट वार्निश वेगळं काढावं लागतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. मग चकचकीत काळा रंग, तो पूर्ण कडक झाला की वर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग अगदी हलका.

फॉइल लावायची पद्धत अशी की पट्टीपेक्षा थोडा मोठा तुकडा कापा, ठेवा, कापसाच्या काडीने मधून बाहेर दाबत जा, मग नवं कोरं ब्लेड घेऊन पट्टीच्या मुळाशी नुसत्या वजनाने ओढा. ब्लेड दर तीन-चार कापांनी बदला, बोथट ब्लेड फॉइल फाडतं आणि मग हात दाबतो आणि खालचा रंग चिरतो. लांब पट्टी एका तुकड्यात करायचा हट्ट नको, दरवाज्याच्या फटीपाशी जोड घ्या, खऱ्या गाडीतही पट्टी तिथे तुटतेच.

पुढच्या फेंडरवरची "शेव्हरोलेट" अक्षरं लोकांना फार त्रास देतात, ब्रशने रंगवायला जातात आणि चिखल होतो. ते असं करा. प्रायमर झाल्यावर, रंगाच्या आधी, अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा लावा आणि टूथपिकने सगळीकडून नीट दाबून बसवा, अक्षरांच्या भोवती फॉइल बेताने कापा. मग त्याच्यावरूनच बॉडीचा रंग मारा, अक्षरं पूर्ण झाकली जातात. रंग हाताला कोरडा झाला की टूथपिकच्या टोकाला सुती कापडाचा अगदी छोटा तुकडा गुंडाळा, थिनरमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करा, आणि अक्षरांच्या फक्त माथ्यावरून फिरवा. वरचा रंग निघतो, खालून फॉइल उघडी पडते आणि अक्षरांच्या कडा ब्रशने कधीच येणार नाहीत इतक्या स्वच्छ येतात. आता ती सोनेरी हवीत, तर वर टामियाचा क्लिअर यलो एक्स-२४ आणि त्यात थेंबभर क्लिअर ऑरेंज एक्स-२६. सोनेरी रंग कधी वापरू नका, त्यातले कण दिसतात. हेच मिश्रण ग्रिलच्या जाळीला, बोनेटच्या व्हीला आणि त्या तीन तुकड्यांना. जाळीला नंतर काळा वॉश (खाचांत बसणारा अगदी पातळ रंग) द्या. बॉडीच्या फटींना मात्र काळा वॉश नको, निळ्या गाडीला गडद निळा-राखाडी द्या, काळ्याने गाडी व्यंगचित्रासारखी दिसते.

आतल्या भागाबद्दल थोडक्यात. सीटवर कापड आणि व्हिनाइल दोन्ही असायचं, म्हणून कापडाचा भाग मॅट आणि व्हिनाइलचा सेमी-ग्लॉस ठेवा, एवढ्यानेच फरक पडतो. कार्पेटला फ्लॉकिंग (बारीक तंतूंचा भुगा) मिळतं पण पन्नाशीच्या दशकातलं कार्पेट लूपचं होतं, त्याला एम्बॉसिंग पावडर जास्त शोभते, पांढरा गोंद लावून वरून भुरभुरवा आणि जादा झटका. काचा चिकटवायला सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते, पांढरा गोंद पुरतो.

चॅसिस चमकवू नका. फ्रेम सेमी-ग्लॉस काळी, आणि फ्लोअरच्या कडांवर बॉडीच्या रंगाचा उडालेला थोडा फवारा दिसला तर उत्तम, कारखान्यात तसंच व्हायचं. आणि रंगाच्या आधी सगळी गाडी टेपने जोडून चाकांवर उभी करा. चाक कमानीच्या मधोमध बसतंय का, गाडी पुढून उचललेली तर नाही ना, हे आत्ताच बघायचं. टायरवरची पांढरी पट्टी त्या वर्षी साधारण सव्वादोन इंचाची होती, म्हणजे आपल्याकडे २.३ मिमीच्या आसपास, ६० च्या दशकातली बारीक पट्टी या गाडीला लावू नका. जुन्या किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर रिमच्या संपर्कात वर्षानुवर्षं राहून ते प्लास्टिक वितळवतात, रिमच्या बाहेरच्या कडेला फॉइलचा एक वेढा द्या.

आणि आता तुमचं वायरिंग. स्मॉल ब्लॉक शेव्हीचा (आपलं २८३ त्यातलंच) फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८. डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) लागून, आणि वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, तर वायरी त्याच क्रमाने लावा, जाणकार माणूस हे बघतोच. मधली वायर कॉइलला. जाडी ०.३ मिमीच्या आत, बाजारातल्या बऱ्याच "डिटेल" वायरी ०.५ च्या असतात, त्या घेतल्या तर खऱ्या गाडीच्या हिशोबाने साडेबारा मिलिमीटरची वायर झाली, पाण्याचा पाइपच. रंग काळा. लाल-पिवळ्या वायरी हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी बदललेल्या गाड्यांच्या. आणि कारखान्यातून त्या हेडच्या मागून खाली उतरून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालून प्लगपर्यंत जायच्या, व्हॉल्व्ह कव्हरच्या वरून नाही, म्हणजे तुमच्या कामातलं निम्मं वरून दिसणारच नाही. तरी करा, जे दिसतं ते बरोबर ठिकाणी जाताना दिसतं.

हीटरच्या होजला १ मिमीची सोल्डर वायर वापरा, वाकवली की तशीच राहते, वर मॅट काळा. पेट्रोलची लाइन ०.३ ते ०.४ मिमीच्या मधली, ब्रेकची ३/१६ इंच, म्हणजे ०.२ च्या आत, साध्या इलेक्ट्रिक वायरीतली तांब्याची एक तार चालते. पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) आणि ०.३ चे ड्रिल तीन-चार घ्या, ते मोडतात.

तर मागवायची यादी म्हणाल तर क्रोम आणि मॅट फॉइल, ब्लेडांचं पाकीट, स्क्रायबर, मायक्रो-मेश, पिन व्हाइस, ड्रिल, क्लिअर यलो आणि ऑरेंज. तयार डिस्ट्रिब्युटर बॉडी पॉलिश होऊन फॉइल लागल्यावर मागवा, तोवर इंजिनचं ब्लॉक नारिंगी करून बाजूला ठेवा. फोटो-एचमधून मी या गाडीला फक्त वायपर आणि नंबर प्लेटची फ्रेम घेईन. नंबर प्लेट ६ बाय १२ इंचाची, म्हणजे ६.१ बाय १२.२ मिमी, स्वतः प्रिंट करता येते, फक्त राज्य आणि वर्ष एकमेकांशी जुळू देत. फॉइलच्या टप्प्याला आलात की पट्टीचे फोटो टाका, मुळाशी कड कशी आली ते बघून पुढचं सांगतो.